भागीरथाबाईचे दोन आवाज

नागपुरातल्या इंदोरा वस्तीत कार्यक्रम कुठे आहे, हे कुणाला विचारावं लागत नसे. संध्याकाळी वस्तीच्या एका टोकाकडून एक बारीक, लखलखीत सूर उठायचा आणि टिनांच्या छपरांवरून सरकत दुसऱ्या टोकापर्यंत यायचा. लाउडस्पीकरचा भोंगा असो वा नसो. "भागीरथाबाई बसली वं गायाले," असं एकमेकींना सांगत बाया चुलीवरचा तवा उतरवून निघायच्या.

भागीरथा रंगारी दिवसा मिलमध्ये काम करायची. रिलिंग खातं, सुताच्या लडी करायच्या. यंत्रांचा असा धडधडाट की शेजारणीशी बोलायचं तर तिच्या कानाला तोंड लावावं लागे. भागीरथेला ती गरज पडत नसे. तिने नुसती हाक मारली तरी पार पलीकडच्या रांगेतली बाई मान वर करून पाहायची. नवरा आनंदराव त्याच मिलमध्ये फिटर होता. तो पेटी वाजवायचा आणि गाणीही स्वतःच जुळवायचा. छप्पनच्या दीक्षेच्या वेळी दोघंही कोवळ्या वयाची होती, पांढऱ्या कपड्यांत आपापल्या आईबापांबरोबर त्या गर्दीत उभी होती. पुढे लग्न झालं आणि दोघांनी मिळून गायन पार्टी काढली. पेटी, ढोलक, खंजिरी आणि एक बुलबुलतरंग, एवढाच बाज. बाबासाहेबांची गाणी, बुद्धाची गाणी, पोरींना शिकवा, दारू सोडा, अशी गाणी. एप्रिलची जयंती, वैशाखातली पौर्णिमा, दसरा, मधल्या दिवसांत लग्नं आणि बारशी. उमरेड, काटोल, भंडाऱ्यापर्यंतची बोलावणी यायची.

शेवटच्या गाण्यात भागीरथा एक सूर वर नेऊन धरायची. पेटी थांबायची, ढोलकवाला हात मांडीवर ठेवायचा, आणि तो एकटा सूर मांडवावर थरथरत राहायचा. लोक श्वास रोखून बसायचे. त्याला सगळे 'भागीरथाबाईची टीप' म्हणत. ती टीप ऐकल्याशिवाय कोणी उठत नसे.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात, एका रविवारी दुपारी घरात सराव चालला होता, आणि टीप आली नाही.

आवाज वर गेला, पण मध्येच काहीतरी आडवं आल्यासारखा अडकला आणि नुसती हवा बाहेर पडली. आनंदरावने पेटीवरून मान उचलली. "सर्दी आहे काय?"

"हाव," ती म्हणाली.

सर्दी नव्हती. तिला ते त्याच क्षणी कळलं होतं. कारण असं अडकणं तिने आधी एकदा ऐकलं होतं. तिचा बाप धोंडबा विड्या वळायचा, भजनं गायचा. एका हिवाळ्यात त्याचा आवाज असाच बसला. घरचे म्हणाले थंडी आहे. उन्हाळा लागेपर्यंत त्याला भाकर गिळवेना. नंतर पेज उतरेना. शेवटी भागीरथा त्याला चमच्याने पाणी पाजायची आणि तेही ओठांच्या कडेने परत यायचं. मरताना त्याला काहीतरी सांगायचं होतं. तोंड हलत होतं, आवाज नव्हता. ते हलणारं तोंड तिला अजून दिसायचं.

तिने कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल, असं काहीतरी तिच्या मनाने घेतलं होतं. सकाळी उठल्यावर चुलीपाशी तोंड करून ती भाकरीचा कोरडा तुकडा गिळून बघायची. उतरला की तो दिवस सुटल्यासारखा वाटायचा. घरात गळा साफ करायची तिला चोरी झाली. म्हणून ती मिलमध्ये, त्या धडधडाटात, लडी फिरवता फिरवता तोंड उघडून वरचा सूर लावून पाहायची. तिथे कुणालाच ऐकू येत नसे, तिलाही नाही. ती एक हात गळ्यावर ठेवायची आणि बोटांना काय कळतं ते बघायची. बोटांना खरखर कळायची.

शेजारी काम करणारी इंदूबाई तिची जुनी मैत्रीण, त्याच गल्लीतली. ती एकदा कानाशी येऊन ओरडली, "काहून वं, गळा धरून काहून उभी राहतं? दुखते काय?"

"काही नाही वं, कापूस गेला," भागीरथा म्हणाली.

मग ती एकेक उपाय करू लागली. आधी पट्टी खाली आणली.

"अजी, जराशी उतरवा ना पेटी."

"काहून? तुले तर वरच जमते."

"खाली गोड लागते. लोकं म्हणून राहिले तसं."

आनंदरावला कोण लोकं ते कळलं नाही, पण त्याने उतरवली. दोन महिन्यांनी आणखी उतरवली. तरीही शेवटच्या टिपेपाशी आलं की ती काहीतरी निमित्त काढायची. एकदा काटोलला तिने खोकल्याचं सोंग केलं. एकदा लग्नात गाणं आधीच आटोपतं घेतलं. असं किती दिवस चालणार?

तेव्हा तिला वसंत आठवला. वसंत हिंगण्याच्या एका कारखान्यात कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशी सीताबर्डीच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. विजेवरची गिटार, लाल रंगाची, सोबत पेटाऱ्याएवढा अँप्लिफायर. पार्टीत घ्या म्हणून तो कधीपासून मागे लागला होता, आणि भागीरथेनेच त्याला दोनदा परत पाठवलं होतं.

"त्या वसंतले बोलवा," ती एका संध्याकाळी म्हणाली.

आनंदराव बघतच राहिला. "त्याच्या तारेनं तर तुहं डोकं दुखते ना?"

"जमाना बदलला. लोकाले आवडते आता."

वसंत आला. पहिल्याच सरावात भागीरथेने त्याला समजावलं, "माहं गाणं संपत आलं का मी थांबतो, अन् तू तिथून वर जाय. जेवढं जाता येईल तेवढं वर जाय." वसंतला तर आभाळ मिळालं. पौर्णिमेच्या कार्यक्रमात त्याने शेवटाला अशी काही तान मारली की पोरं खुर्च्यांवर उभी राहून शिट्ट्या मारू लागली. भागीरथा माइकच्या मागे उभी होती आणि टाळ्या चालू असताना एकेक चेहरा बघत होती. कुणाला कळलं काय? माझ्या जागी तार वाजली, हे कुणाच्या ध्यानात आलं काय? कुणाच्याच आलं नव्हतं. त्या दिवशी कित्येक आठवड्यांनी तिला झोप लागली.

पण लोक गाणं ऐकून गप्प बसतात थोडेच!

पार्टीचा बाज बदलला ही गोष्ट वस्तीभर झाली. लहानूच्या पानठेल्यावर तर दुसरा विषयच उरला नाही. लहानू गिटारीच्या बाजूचा. "आता कुठं पार्टीत जान आली," तो चुना लावता लावता म्हणायचा. "मुंबईवाल्याले टक्कर देते." त्याच्यासमोर उभे असलेले म्हणायचे, टक्कर कसली, लग्नाच्या वरातीत असतं तसलं वाजवणं आहे हे, शब्द कुठे ऐकू येतात? गाणी शब्दांसाठी होती. बापाने अंगठा मारला, पोराने सही केली, हे ज्या गाण्यात सांगायचं त्यात टँग टँग कायले पाहिजे? कोणी म्हणे आनंदराव पैशाच्या मागे लागला. कोणी म्हणे बाईला फिल्ममध्ये जायचं आहे. नळावर बाया म्हणत, गाणं ऐकून आधी डोळ्यांत पाणी यायचं, आता पाय हलतात. कोणतं चांगलं ते सांगता येत नाही. इंदूबाई मात्र सरळ म्हणाली, "पायाचं काय घेऊन बसल्या? बाई कोठी गेली थे सांगा. पार्टी तिची, अन् तीच मागं मागं लपून राहिली."

लपून, हा शब्द भागीरथेने ऐकला आणि पाण्याची घागर तिच्या हातातून निसटता निसटता राहिली.

सगळ्यांत कडक मत होतं नत्थूजींचं. नत्थूजी मिलच्या लूम खात्यातून, मागांच्या खडखडाटातून निवृत्त झालेले म्हातारे. प्रत्येक कार्यक्रमाला ते सगळ्यांच्या आधी येत आणि अगदी मंचाला लागून पोतं अंथरून बसत. त्यांची मान हलली की आनंदराव समजायचा, गाणं जमलं. गिटार आल्यापासून त्यांची मान हलेनाशी झाली. "आमी गाणं ऐकाले येतो," ते भर चौकात आनंदरावला म्हणाले, "बिजलीचा खेळ पाह्याले येत नाही."

शहात्तरच्या मार्चमध्ये जयंती कमिटीचे गणपतराव घरी आले. भला माणूस, पण बोललेला शब्द मागे न घेणारा. चहा न घेताच म्हणाले, "आनंदराव, भांडण नको म्हणून पहिलेच सांगून राहिलो. या जयंतीले जुन्या पद्धतीनं गा. गिटार नको. बाईची टीप पाहिजे लोकाले. जमत नसल तर आमी कामठीची पार्टी बोलावतो."

आनंदरावच्या अभिमानाला ते लागलं. बायकोला न विचारता तो म्हणाला, "जमत नसल म्हणजे? गाऊ ना. जुन्या पद्धतीनंच गाऊ."

भागीरथा आतल्या दारापाशी उभी होती. तिला वाटलं बाहेर जावं आणि सांगावं. पाय हलले नाहीत. तोंड उघडलं तर काय बाहेर येईल, याची तिला खात्री नव्हती.

पुढचे दिवस तिने कसे काढले, ते तिलाच ठाऊक. ज्येष्ठमध चघळलं, मिठाच्या गुळण्या केल्या, आल्याचा रस, हळदीचं दूध, जे जे ऐकलं ते सगळं केलं. रात्री वसंतला निरोप पाठवावा, आजारी पडावं, माहेरच्या गावी निघून जावं, असे बेत करायची आणि सकाळी पुन्हा मिलची वाट धरायची. जयंतीला गायचं नाही म्हणणं तिच्या तोंडातून निघणं शक्यच नव्हतं. त्या दिवसासाठी तर ती गात आली होती.

चौदा एप्रिलला दिवस मावळायच्या सुमारास कार्यक्रम सुरू झाला. मैदान माणसांनी फुललं होतं. पुढे नत्थूजींचं पोतं. पहिली गाणी खालच्या पट्टीत निघाली, कोणी काही बोललं नाही. आणि मग शेवटचं गाणं आलं. लोक सावरून बसले. पेटी थांबली. ढोलक थांबलं.

भागीरथेने सूर लावला आणि तो फाटला. जुनं लुगडं टर्रकन फाटावं तसा. तिने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी बाहेर आला तो घोगरा, कावळ्यासारखा काहीतरी आवाज, आणि भोंग्याने तो सगळ्या मैदानावर पसरवला.

कुठूनतरी कोणी हसलं. आणि मागून एक गडी ओरडला, "मुद्दाम बिघडवून राहिली! गिटार काढली म्हणून रुसली बाई!"

तेवढं एक वाक्य पुरलं. "जयंतीच्या दिवशी?" "बाबासाहेबाच्या गाण्यात?" "उतरवा तिले खाली!" माणसं उठली, पुढे सरकू लागली. एक खुर्ची मंचाच्या कडेवर येऊन आदळली. गणपतराव दोन्ही हात वर करून ओरडत होते, "बसा, खाली बसा," पण त्यांचं कोण ऐकतो! भागीरथा माइक धरून उभी होती. समोरचे सगळे चेहरे तिच्या ओळखीचे होते. कुणाच्या लग्नात ती गायली होती, कुणाच्या बारशात. आता त्या चेहऱ्यांवर जे होतं ते तिने कधी पाहिलं नव्हतं. तिला ओरडून सांगायचं होतं की मी मुद्दाम नाही केलं. तोंड हललं. आवाज निघाला नाही. आणि त्याच क्षणी तिला आपल्या जागी धोंडबा दिसला.

ढोलकवाल्याने तिला मागच्या बाजूने उतरवलं आणि विहाराच्या भिंतीलगत चालवत घरी आणलं. आनंदराव पेटी छातीशी धरून मागून आला.

सकाळी दार उघडलं तर गल्ली अनोळखी वाटली. रोज 'जयभीम' घालणारे खाली बघून गेले. मिलमध्ये तिच्या रांगेतल्या बाया जेवायला दुसरीकडे बसल्या. इंदूबाई तेवढी शेजारी आली, पण तीही भराभर जेवून उठली. घरी आल्यावर आनंदराव भिंतीला टेकून बसला होता. त्याने विचारलं, अगदी हळू, "भागीरथे, खरं सांग. तू मुद्दाम केलं काय?"

लोकांचं ओरडणं तिने सोसलं होतं. हे सोसवलं नाही. ती त्याच्यासमोर बसली, त्याचा हात घेतला आणि आपल्या गळ्यावर ठेवला.

"माह्या बापाचं असंच झालं होतं," ती म्हणाली. "पहिले आवाज गेला. मंग भाकर. दीड वरीस झालं, मी रोज भाकर गिळून पाहून राहिली."

आनंदरावचा हात तिच्या गळ्यावरच राहिला. पट्टी का उतरली, वसंत का आला, खोकला का आला, सगळं त्याच्या ध्यानात येत गेलं आणि त्याचा चेहरा पांढरा होत गेला. "पहिले काहून नाही सांगितलं?" एवढंच तो म्हणाला. त्याने दुसऱ्या दिवशीची सुट्टी टाकली.

धंतोलीतल्या घशाच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात चंद्रपूर, यवतमाळ, कुठून कुठून आलेली माणसं बसली होती. एका म्हाताऱ्याच्या गळ्याला पट्टी होती आणि तो खुणांनी पाणी मागत होता. भागीरथेने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मग नंबर येईपर्यंत फरशीवरून नजर उचलली नाही. आत डॉक्टरांनी तिची जीभ कापडात धरून बाहेर ओढली, लांब दांडीचा छोटा आरसा दिव्यावर गरम केला आणि घशात घातला. ती गुदमरली, टेबलाची कड धरून बसली. डॉक्टर बराच वेळ पाहत राहिले. त्यांच्या कपाळावरच्या आठीकडे ती पाहत होती.

"गाठ आहे," ते म्हणाले. "काढावी लागेल. काढल्यावर तपासायला पाठवू, मगच सांगता येईल कसली आहे."

"अन् आवाज?" आनंदरावने विचारलं.

"ते आज सांगता येणार नाही."

भागीरथेला वाटलं होतं की ऐकल्यावर आपण रडू. पण तिने फक्त विचारलं, "भाकर गिळता येईल ना?" डॉक्टरांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आधी गाठ काढू."

ऑपरेशन झालं. मी सांगेपर्यंत तोंडातून एक अक्षर काढायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, अशी डॉक्टरांनी ताकीद दिली. ती घरी आली ती मुकी होऊन. तपासणीचा निकाल यायचा होता, आणि तोवर तिला कुणाला 'मले भेव लागते' एवढंही म्हणता येत नव्हतं. दिवसभर ती खाटेवर बसून दाराबाहेर बघायची. सायकलची घंटा वाजली की दचकायची; निकाल घेऊन कोणी आलं की काय!

आनंदरावने इंदूबाईला सांगितलं, इंदूबाईने नळावर, आणि संध्याकाळपर्यंत वस्तीला कळलं. मग माणसं येऊ लागली. जे ओरडले होते तेही आले, दारात उभं राहून चपलांकडे बघत राहिले. गणपतराव केळ्यांचा घड घेऊन आले, तो ठेवून निघून गेले. वसंत कारखान्याच्या बसमधून उतरून थेट आला. त्याला रडू आवरेना. "ताई, मले सांगायचं होतं ना. मी तर तुमच्यावर कुरघोडी करून राहिलो असं वाटून मनातल्या मनात खुश होतो."

नत्थूजी दुपारी आले. खाटेजवळ स्टूल ओढून बसले आणि इकडेतिकडे पाहून मोठ्याने, त्यांना हळू वाटेल अशा आवाजात बोलू लागले.

"बाई, तुमाले बोलता येत नाही म्हणून सांगतो. नाही तर तुमी लोकाले सांगसान. लूम खात्यात जनम गेला, कान गेले माहे. बारीक आवाज तर बिलकुल येत नाही. तुमची थे टीप... मले कधी ऐकूच नाही आली."

भागीरथा खाटेवर सरळ होऊन बसली.

"लोकं डोळे मिटायचे, म्हणून मी बी मिटायचो. टाळ्या वाजल्या का वाजवायचो. मले तुमचं खालचं ऐकू येते, जिथं शब्द राहतात थे. त्याच्यासाठी पुढं येऊन बसतो. गिटार आली अन् थे बी झाकून टाकलं. म्हणून बोंबललो मी."

भागीरथेला हसू फुटलं, आणि त्याबरोबर तिने दोन्ही हातांनी गळा घट्ट धरला. हसण्याने आत काही फाटलं तर? ती घाबरून डोळे मिटून बसली. नत्थूजींना वाटलं बाईला राग आला. ते बिचारे काठी उचलून निघाले. तिने त्यांच्या बाहीला धरून बसवलं आणि मानेने 'नाही, नाही' सांगितलं.

निकाल आला. गाठ साधी होती. आनंदराव धंतोलीच्या रस्त्यावरच रडला. भागीरथेला मात्र विश्वास बसेना. तिने खुणेने डॉक्टरांना पुन्हा विचारलं, गळ्याला हात लावून, मग खायची खूण करून. "सगळं खा," डॉक्टर हसून म्हणाले. "आता बोला. तुमचं नाव सांगा."

ती म्हणाली, "भागीरथा."

आणि मागे वळून पाहिलं. तिला वाटलं दारातून कोणी दुसरंच बोललं. आवाज जाड होता, खोल, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. डॉक्टर म्हणाले की थोडा सुधारेल. पण वरचा पूर्वीसारखा येईल असं समजू नका.

मरणाचं भय गेलं तसं हे दुसरं येऊन बसलं. घरात ती बोलायची ती मोजकं. दारावर भाजीवाला आला तर इंदूबाईला पुढे करायची. एकदा अंधाऱ्या बोळात कुणाला वाट विचारली तर तो म्हणाला, "सरळ जा, भाऊ." त्यानंतर आठवडाभर ती कामाशिवाय घराबाहेर पडली नाही. गाण्याचं नाव काढलं की उठून जायची.

तिला परत बसवलं ते आनंदरावच्या चिकाटीने. तो रोज संध्याकाळी पेटी काढायचा आणि अगदी खाली, जिथे पूर्वी कधी बोटं गेली नव्हती तिथे एखादं जुनं गाणं वाजवत बसायचा. तिला 'म्हण' असं कधी सांगायचा नाही. बऱ्याच दिवसांनी एकदा भांडी घासता घासता ती गुणगुणली. वसंत तिथेच होता. तो दुसऱ्या दिवशी गिटार घेऊन आला, आवाज पार कमी केला आणि तिच्या सुराच्याही खाली, जाड तारांवर हळूहळू वाजवू लागला. आता तो वर जात नव्हता. शब्दांना टेकू द्यावा तसं वाजवत होता. तिघांनी ते गाणं पुन्हा पुन्हा म्हटलं.

दसऱ्याला, दीक्षेच्या आठवणीला, गावोगावची माणसं नागपुरात येतात. वस्तीच्या तोंडाशी, रस्त्याला लागून मांडव घातला होता, येणाऱ्यांना पाणी आणि जेवण. गणपतराव स्वतः विचारायला आले होते. दुपारी भागीरथा मांडवात गेली आणि समोरची गर्दी पाहून तिला घाम सुटला. तीच माणसं. एप्रिलमधला तो आवाज कानात वाजू लागला, खुर्ची आदळल्याचा. ती आनंदरावला म्हणाली, "मले नाही जमत. चाला घरी." तो म्हणाला, "चाल," आणि खरंच पेटी मिटवायला लागला. ती मंचाच्या पायरीपर्यंत आली, तिथे थांबली, आणि परत फिरून माइकपाशी गेली. असं का केलं ते तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही.

"जयभीम," ती म्हणाली. तो जाड आवाज भोंग्यातून गेल्याबरोबर पुढच्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. "माह्या गळ्यात गाठ होती. काढली. पयलेचा आवाज गेला, टीप बी गेली. आता हा उरला. आवडला तर बसा. नाही आवडला तर पाणी पिऊन जा, मले राग नाही."

तिने माइकची दांडी धरली आणि गायला सुरुवात केली.

काहीजण उठले. तिला त्यांच्या पाठी दिसत होत्या आणि ती त्या एकेक मोजत होती. एक तरुण मागून ओरडला, "बाई, पयलेचं म्हणा ना!" त्याला कुणीतरी दटावलं. एक म्हातारा कान झाकून निघून गेला. पण नत्थूजींची मान हलत होती, आणि दूरच्या गावाहून आलेली, डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई चालता चालता थांबली, गाठोडं खाली ठेवून त्यावर बसली. गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या, खूप नाही. ती बाई म्हणाली, "पुन्हा म्हणा वं माय, आता शब्द समजले." भागीरथेने ते गाणं पुन्हा म्हटलं. या वेळी तिने पाठी बघितल्या नाहीत.

पार्टी पुढे बरीच वर्षं चालली. काही बोलावणी कायमची बंद झाली, काही नवी आली. वसंतची गिटार राहिली. पुढे त्याने एक ऑर्गनही आणला आणि त्यावरून पुन्हा नवी भांडणं झाली. लहानूच्या ठेल्यावर दोन पक्ष पडले ते पडलेच. ज्यांनी ती टीप ऐकली होती ते म्हणत, आता ती बाई उरली नाही. ज्यांनी नंतर ऐकली ते म्हणत, टीप कसली, हा आवाज ऐका, मायबाप समोर बसून सांगतात असं वाटतं. लहानू, जो गिटारीसाठी भांडायचा, तो म्हातारपणी टिपेच्या बाजूला गेला. इंदूबाई दोन्ही बाजूंनी भांडायची.

भागीरथेचं भय मात्र पूर्ण गेलं नाही. साधी सर्दी झाली तरी ती दोन दिवस गप्प राहायची आणि आनंदरावचं जेवण उतरत नसे. दरवर्षी एकदा दोघं धंतोलीला जाऊन यायची.

त्र्याऐंशी साली एकदा इंदूबाईने तिला ठेल्यावर सगळ्यांसमोर गाठलं. "तूच सांग वं आता. कोणता आवाज चांगला होता? पयलेचा का आताचा?"

"पयलेचा होता तवा थो जाईल म्हणून भेव लागे," ती म्हणाली. "आता हा जाईल म्हणून लागते. गातानी नाही लागत पण. तेवढा वेळ काही आठवत नाही मले."

"हे काही उत्तर झालं काय?" लहानू म्हणाला.

"मंग तुमी बसा भांडत," असं म्हणून तिने सुपारीची पुडी घेतली. रस्त्यापलीकडे आनंदराव आणि वसंत रिक्षात पेटी चढवत होते. उमरेडला कार्यक्रम होता आणि उशीर झाला होता.